चाकातली हवा

एक कोडं घालतो. मुंबईची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी आणि २०१५ साली आलेली अबार्थ पुंटो, या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या तर चाक कोणाचं मोठं? पुंटोची रिम सोळा इंची, पद्मिनीची चौदा इंची. म्हणजे पुंटोचं, असं कोणीही सांगेल. आता टेप घ्या आणि टायरसकट उंची मोजा. पद्मिनी साधारण ६१ सेंटिमीटर, पुंटो ६२. पन्नास वर्षांत चाक वाढलं ते करंगळीच्या रुंदीएवढं!

मग ते दोन इंच गेले कुठे? रिमने खाल्ले. रिम मोठी होत गेली, तिच्याभोवतीचं रबर आणि रबरातली हवा कमी होत गेली. बाहेरून चाक होतं तेवढंच राहिलं.

आजचा लेख या हवेबद्दल आहे. निमित्त झालं माझ्या मावसभावाचं. भाऊ दौंडचा आणि गाडी रांजणगावची. त्याच्याकडे २०१६ ची अबार्थ पुंटो आहे आणि वर्षातून दोन-तीनदा तो ती ट्रॅक-डेला घेऊन जातो. (ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि बंद ट्रॅकवर आपलीच गाडी मनसोक्त पळवायची. नंबर नाही, कप नाही.) मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, "दादा, सतरा इंची टाकतोय. काय म्हणतोस?" आता मी पडलो प्रोग्रॅमर, मला काय कळतंय टायरमधलं! पण प्रश्न डोक्यात राहिला आणि शोधता शोधता मी दोनशे वर्षं मागे गेलो. चाकाचा आकार ठरवायचा हा प्रश्न शिरूर-दौंडच्या मातीत फार जुना आहे, मंडळी.

आधी थोडं गणित, म्हणजे पुढचं सोपं जाईल. टायरच्या भिंतीवर १९५/५५ आर १६ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टक्केवारी, म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा आकडा रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचात! (एकाच ओळीत मिलिमीटर आणि इंच. आमच्या टीममध्ये असं कोणी लिहिलं तर कोड रिव्ह्यूमध्ये सोलून काढतील.) पद्मिनीच्या टायरचा आकडा होता ५.२०-१४. रुंदी सव्वापाच इंचांच्या आसपास, रिम चौदा इंच. टक्केवारी लिहीतच नसत, कारण तेव्हा टायरची भिंत जवळजवळ रुंदीएवढीच उंच असे. म्हणजे पद्मिनीची भिंत साधारण १२५ मिलिमीटर आणि अबार्थची १०७. हे दोन आकडे लक्षात ठेवा.

आता दोनशे वर्षं मागे.

भीमा, घोड आणि मुळा-मुठेचा हा मुलूख. दौंड तालुका जुन्या भीमथडीतला. भीमथडीची तट्टं प्रसिद्ध होती, मराठ्यांचं घोडदळ त्यांच्यावर फिरलं. पण चाकं? माल हलायचा तो बैलांच्या पाठीवर. लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ लादून गावोगाव फिरत. गाडे अगदीच नव्हते असं नाही, पण त्यांची चाकं भरीव आणि भयंकर जड. अशा चाकाच्या गाड्याला जोडलेला बैल आधी चाक ओढायचा आणि उरलेल्या ताकदीत माल.

शिरूरला (जुनी माणसं अजूनही घोडनदी म्हणतात) एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला पेशव्यांच्या फौजेशी लढली, हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या तुकडीबरोबर सहा पौंडी दोन तोफा होत्या, इकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही. तोफ एका रात्रीत एवढ्या लांब न्यायची तर आऱ्यांचं, लोखंडी धाव चढवलेलं चाक लागतं. सैन्याकडे तसं चाक होतं, शेतकऱ्याच्या गाड्याला मात्र ते अजून मिळायचं होतं.

ते यायला आणखी दोन दशकं गेली. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात नवं महसूल सर्वेक्षण सुरू केलं. जमीन मोजता मोजता या लोकांच्या लक्षात आलं, की पीक चांगलं आलं तरी ते बाजारापर्यंत न्यायचं कसं हा खरा प्रश्न आहे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला होता, म्हणजे मुंबईची वाट उघडली होती. रस्ता होता, पण त्यावर चालणारं चाक नव्हतं! सर्वेक्षणातल्याच एका अधिकाऱ्याने मग हलकी, आऱ्यांच्या चाकांची गाडी तयार केली आणि पुढे टेंभुर्णीला अशा गाड्यांचा कारखाना निघाला. सोलापूरला जाताना आपण टेंभुर्णीत चहाला थांबतो, तेच टेंभुर्णी. आज आपण 'परंपरागत बैलगाडी' म्हणून जिचा फोटो काढतो, ती इथे फार तर दोनशे वर्षांची आहे, आणि तिच्यामागे एक सरकारी डिझाईन प्रोजेक्ट आहे. आहे की नाही मजा?

त्या गाडीचं चाक आठवून बघा. माणसाच्या छातीला लागेल एवढं, साडेचार-पाच फुटांचं. एवढं मोठं कशाला? कारण त्यात हवा नाही. लाकूड आणि लोखंड दबत नाही. समोर चार बोटं उंचीचा दगड आला, की चाकाला त्याच्यावर चढावंच लागतं, आणि चाक जेवढं मोठं तेवढी ती चढण सौम्य. लहान भरीव चाक त्याच दगडाला भिंतीसारखं धडकतं आणि तो धक्का जातो थेट बैलाच्या खांद्यावर. जे काम आज टायरमधली हवा करते, ते तेव्हा चाकाची उंची करत होती. मोठं चाक ही गरज होती, रुबाबाचा तिथे काही संबंध नव्हता.

आणि धाव! लोहार लोखंडी कडं चाकापेक्षा किंचित लहान करायचा, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायचा, फुगलेलं कडं लाकडावर बसवायचा आणि वर पाणी ओतायचा. कडं आकसलं की सगळे आरे एकमेकांत घट्ट. ना खिळा, ना गोंद. दौंडला रेल्वे आली १८५८ मध्ये, पुणे-दिकसाळ मार्गावर. १८७८ साली दौंड-मनमाड फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झालं. त्या रेल्वेच्या चाकालाही बाहेरून पोलादी कडं असायचं, ते असंच तापवून चढवलेलं, आणि त्याला म्हणायचे टायर. म्हणजे हवेच्या आधीपासून टायर हा शब्द होता. रूळ गुळगुळीत असल्यामुळे रेल्वेला हवेची गरजच नव्हती. रस्ता चांगला असेल तर चाक कडक चालतं, हे सूत्र इथेच मिळतं. ट्रॅकवरच्या गाडीचंही तेच आहे, पण ते पुढे.

हवा भरलेल्या चाकाचं पहिलं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली घेतलं. लोकांनी ते विसरून टाकलं. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधली आणि यावेळी ती टिकली. १९३६ साली डनलॉपने हुगळीजवळ साहागंजला भारतातला पहिला टायर कारखाना काढला. आणि मग रस्त्यावर आली टायरगाडी.

शिरूर-दौंडचा माणूस टायरगाडी वेगळी समजावून सांगायची गरज नाही. न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा, हे इथले जुने सहकारी साखर कारखाने. गळीत हंगामात उसाने भरलेल्या टायरगाड्यांची रांग हे या भागाचं चित्रच होतं. आता छोटे ट्रॅक्टर वाढलेत, पण टायरगाडी संपलेली नाही. तिचं चाक कमरेच्या खालीच राहतं. हवा आली, उंचीची गरज संपली. मऊ रानात लाकडी चाक रुततं, टायर तरंगल्यासारखा जातो. त्याच बैलांना तेवढंच वजन ओढायला कितीतरी कमी जोर लागतो.

आता खरा प्रश्न. तो वाचलेला जोर गेला कुठे?

बैलाला मिळाला नाही. लाकडी गाडीत साधारण टनभर माल जायचा. टायरगाडीत दोन-अडीच टन ऊस भरायला लागले, बऱ्याचदा त्याहूनही जास्त. भरणारा काही दुष्ट नव्हता हो. बीड-नगरकडून आलेलं जोडपं, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, मजुरी टनावर. अनेकदा गाडीसुद्धा कारखान्याची, भाड्याने घेतलेली. खेप जड केल्याशिवाय हिशोब जुळत नाही. अशा बऱ्याच गाड्यांना ब्रेक नसतो. उतारावर दोन टन ऊस मागून ढकलतो आणि तो सगळा भार बैलाच्या मानेवर थांबतो. बंगळुरूच्या आयआयएमचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकापासून बैलगाडी सुधारण्यासाठी आयुष्य वेचलं, ते याच गोष्टींसाठी.

आपल्या धंद्यात याला नाव आहे. निकलाउस विर्थ यांनी १९९५ साली लिहिलं होतं, की हार्डवेअर जेवढ्या वेगाने वेगवान होतं त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंद होतं. नवा प्रोसेसर आला की आपण त्याला आराम देत नाही, त्याच्यावर आणखी चार थर चढवतो. टायरगाडीचं तेच झालं. हवेने जी सवड दिली ती ओझ्यात खर्च झाली, आणि शेवटी किंमत मोजली बैलाने.

इथे एक अपवाद सांगायलाच हवा. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर म्हणजे बैलगाडा शर्यतींचा पट्टा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. त्या शर्यती बऱ्या की वाईट हा वेगळा वाद आहे, तो इथे नको. पण घाटात पळतो तो छकडा असतो, हलकाफुलका. उसाची टायरगाडी कोणी घाटात आणत नाही. पळायचं तर आधी वजन कमी करायचं, हे तिथल्या पोराटोरांनाही कळतं.

आता रांजणगाव. महागणपतीचं रांजणगाव, शिरूर तालुका. १९९० च्या दशकाच्या अखेरीस फियाटने इथल्या एमआयडीसीत कारखाना उभारला. २००७ साली टाटांबरोबर भागीदारी झाली, २००९ मध्ये इथून लिनिया आणि ग्रँड पुंटो बाहेर पडल्या आणि २०१५ मध्ये अबार्थ पुंटो. १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, जमिनीपासून १५५ मिलिमीटर उंची, टायर १९५/५५ आर १६. फियाट नावाच्या नव्या गाड्या २०१९ च्या सुमारास बंद झाल्या. कारखान्यात आता जीप बनतात. आणि अबार्थ झाली 'जुनी गाडी'. कालची गोष्ट वाटते, नाही?

मधल्या काळात रिम का वाढली? दोन चांगली कारणं आहेत. एक, वेग वाढला म्हणून ब्रेकची डिस्क वाढली आणि ती मावायला रिम मोठी लागली. दुसरं, उंच भिंतीचा टायर जोरात वळताना बाजूला लवतो. आपण स्टिअरिंग फिरवतो, गाडी जरा विचार करून वळते. भिंत आखूड केली की उत्तर लगेच मिळतं. मिशेलिनने १९४६ साली पेटंट घेतलेल्या रेडियल टायरमुळे आखूड भिंत परवडायलाही लागली. तिसरं कारण मात्र शोरूमच्या काचेतलं आहे. मोठी रिम देखणी दिसते, बस्स.

आता भावाचा प्रश्न. त्याच्या मनात होते २०५/४५ आर १७. गणित करू. बाहेरची उंची ६१६ मिलिमीटर, आधीची ६२१. फरक एक टक्काही नाही, म्हणजे स्पीडोमीटर आणि गिअरिंगवर परिणाम नगण्य. इथपर्यंत ठीक. भिंत १०७ वरून ९२. आणि आता गंमत बघा. टायरवर शेवटी एक वजनाचा आकडा असतो. १९५/५५ आर १६ ला तो साधारणपणे ८७, म्हणजे एक टायर ५४५ किलो पेलतो. साध्या २०५/४५ आर १७ ला ८४, म्हणजे ५०० किलो. टायर रुंद झाला, महाग झाला, आणि पेलायची ताकद ४५ किलोंनी घटली! कारण वजन मुख्यतः हवा पेलते, रबर नाही. हवा कमी केली की ताकद कमी. ती भरून काढायला जास्त दाबाचा, जादा क्षमतेचा टायर घ्या, मग तो आणखी कडक.

त्यात मोठ्या रिमचं वजन बहुधा जास्त, आणि तेही आसापासून लांब. लांबचं वजन फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. म्हणजे ट्रॅकवर मिळवलेलं थोडं वळण ब्रेकवर आणि पिकअपवर परत द्यायचं. उसाच्या गाडीचा हिशोबच झाला हा.

जुन्या गाडीला आणखी एक धोका आहे आणि तो दिसत नाही. रिमच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास जुन्या फियाटमध्ये, उदाहरणार्थ उनो आणि पालिओमध्ये, ९८ मिलिमीटर आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या मारुती-ह्युंदाईच्या कित्येक रिम १०० च्या. फरक फक्त दोन मिलिमीटरचा, त्यामुळे रिम 'बसते'. पण बोल्ट तिरके बसतात, नीट आवळले जात नाहीत, आणि ट्रॅकच्या उष्णतेत आणि हादऱ्यात सैल होतात. दुकानदार "चालतंय की साहेब" म्हणाला तरी चालत नाही. जुनी रिम विकत घेताना हा व्यास आणि मधल्या भोकाचं माप घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. तिथे अंदाजपंचे काम करायचं नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. ट्रॅक गुळगुळीत असतो, रुळासारखा. पण ट्रॅकपर्यंत जायचं कसं? ही मंडळी गाडी ट्रकवर घालून नेत नाहीत, त्याच चाकांवर जातात आणि त्याच चाकांवर रात्री परत येतात. शिरूरहून न्हावरे, चौफुला मार्गे दौंडकडे हंगामात रात्री येऊन बघा. खड्डा चुकवायला जागा नाही, समोर दिवा नसलेली उसाची गाडी आणि तिच्या मागे कापडाचा लाल तुकडा. तिथे ९२ मिलिमीटरची भिंत खड्ड्यात रिमपर्यंत दबली की टायर फुटतो किंवा रिम वाकते, आणि त्या क्षणी समोर काय असेल ते नशीब. त्या टायरगाडीवर ऊसतोड करणारं जोडपं बसलेलं असतं, बऱ्याचदा लेकराबाळांसकट. चाकाचा आकार हा एकट्या ड्रायव्हरचा निर्णय नाही, असं मला तेव्हापासून वाटायला लागलंय.

भावाला मी सांगितलं ते असं. सोळाच ठेव, १९५/५५ च ठेव. आकाराचे पैसे रबराच्या प्रतीवर घाल, चांगले ब्रेक पॅड आणि नवं ब्रेक ऑईल घाल. फारच हौस असेल तर ट्रॅकसाठी पंधरा इंची हलक्या रिमचा वेगळा सेट बघ, १९५/६० आर १५ ची उंची ६१५ मिलिमीटर येते, पण तुझी ब्रेक डिस्क आत मावते का ते आधी लावून बघ. ट्रॅकला जाण्याआधी आणि नंतर हवा तपास. तो म्हणाला, "दादा, सगळे मोठी करतायत आणि तू लहान करायला सांगतोस!" मी म्हटलं, घाटातल्या छकड्याला विचार :-)

त्याने अजून ठरवलेलं नाही. तरुण आहे, सतरा इंची रिम खरंच सुरेख दिसते, मी कोण नाही म्हणणारा?

तुम्ही ट्रॅकवर जात नसाल तरी एक काम करा. खाली पार्किंगमध्ये जा आणि आपल्या टायरची भिंत वाचा. आकाराशिवाय तिथे चार आकड्यांची एक जोडी सापडेल, उदाहरणार्थ २३१९. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही कोरी दिसू दे, रबर वयाने कडक होतं आणि भेगाळतं. पाच-सहा वर्षांपुढचा टायर असेल तर तो कुठल्या आकाराचा हा प्रश्न नंतरचा. आधी बदला. आणि स्टेपनीचा आकडाही बघा, ती बिचारी कोणालाच आठवत नाही.